खाट आणि उंबरठा

चेन्नईच्या उत्तर भागात, रॉयपुरमलगत ओल्ड जेल रोडवर स्टॅन्ले सरकारी रुग्णालय आहे. मद्रासचे गव्हर्नर सर जॉर्ज स्टॅन्ले यांचं नाव त्याला 1930च्या दशकात मिळालं. पण त्या भागातली जुनी माणसं त्याला ‘कंजित्तोट्टी आस्पत्री’ म्हणूनच ओळखतात, म्हणजे कांजीच्या हौदाचं इस्पितळ. त्यामागे 1782चा दुष्काळ आहे. हैदर अलीच्या फौजा 1780 पासून अर्काटचा मुलूख तुडवत होत्या, शेतं ओस पडली होती आणि गावोगावची माणसं बायकापोरांसकट मद्रासच्या तटाकडे लोटत होती. तटाच्या उत्तरेला त्यांच्यासाठी एक छत्र उभं राहिलं. गावच्या मणियक्काराच्या, म्हणजे पाटलाच्या, नावावरून इंग्रजी कागदांत ते ‘मोनेगार चौल्ट्री’ झालं. तिथं भुकेल्यांना कांजी मिळे, अंग टाकायला जागा मिळे. उपाशी माणूस फार काळ नुसता उपाशी राहत नाही, तो आजारीही पडतो. तेव्हा 1799 मध्ये कंपनीच्या नोकरीतल्या जॉन अंडरवुड या सर्जननं तिथंच देशी लोकांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे 1808 मध्ये सरकारनं कारभार हाती घेतला, दवाखान्याचं इस्पितळ झालं, इस्पितळाला वैद्यकीय शाळा जोडली गेली आणि 1938 मध्ये त्या शाळेचं स्टॅन्ले मेडिकल कॉलेज झालं. मूळ छत्र मात्र संपलं नाही. निराधार वृद्धांचा आश्रम म्हणून मोनेगार चौल्ट्री शेजारीच चालू राहिली. आधी पेज, मग छप्पर, मग औषध, या क्रमानं हे रुग्णालय वाढलं. शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयाचा उगम इतका स्पष्ट दाखवणारी उदाहरणं आपल्याकडे थोडीच सापडतील.

या क्रमाच्या उलट घडलेली एक गोष्ट अमेरिकेच्या राजधानीत आहे. वॉशिंग्टनच्या डी.सी. जनरल हॉस्पिटलचा आरंभही अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहातूनच झाला होता. 1806 पासून त्याचा इतिहास सांगितला जातो. शहराचं मुख्य सार्वजनिक रुग्णालय म्हणून ते चाललं, विमा नसलेल्या गरिबांचा तो शेवटचा आधार होता, आणि 2001 मध्ये शहरानं ते खर्च परवडत नाही म्हणून बंद केलं. इमारती उभ्याच होत्या. शहरात बेघर कुटुंबांची संख्या वाढत होती. 2007 मध्ये दुसरा एक मोठा निवारा बंद झाल्यावर या रिकाम्या वॉर्डांमध्ये कुटुंबांना आणण्याचा वेग वाढला. मधल्या वर्षांत एका वेळी अडीचशेहून जास्त कुटुंबं तिथं राहत होती, म्हणजे शेकडो मुलं. रुग्णांच्या खोल्या कुटुंबांच्या झाल्या. न्हाणीघर आणि संडास मात्र मजल्यावर सामाईक राहिले. उंदीर, ढेकूण, बंद पडणारी हीटिंग यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. 2014च्या मार्चमध्ये तिथं राहणारी आठ वर्षांची एक मुलगी त्याच निवाऱ्यातल्या एका सफाई कर्मचाऱ्याबरोबर बाहेर गेली आणि पुन्हा कधी सापडली नाही. त्यानंतर शहराला तो निवारा चालवत राहणं अशक्य झालं. 2018 मध्ये तो बंद झाला आणि त्याऐवजी शहराच्या वेगवेगळ्या प्रभागांत लहान निवारे बांधले गेले.

अशी गोष्ट ऐकली की पहिला निष्कर्ष निघतो तो इमारतीवर: रुग्णालयाची इमारत कुटुंबाला राहायला लायकच नसते, तिथं माणसं ठेवायलाच नको होती. मला हा निष्कर्ष पुरेसा वाटत नाही. भिंती, खिडक्या, पाणी, वीज असलेली पक्की इमारत शहराच्या मध्यावर रिकामी पडलेली असताना माणसं रस्त्यावर झोपत असतील तर ती इमारत वापरण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे की इमारतीबरोबर तिची मोजपट्टीही वापरली जाते. रुग्णालय एका माणसाचा, एका खाटेचा हिशेब करतं. त्या हिशेबाला रुग्णालयात कारण आहे. घरातून उचलून आणलेल्या आजारी माणसाला काही दिवस एकट्यानं बरं व्हायचं असतं, आणि त्यासाठी तो थोडा वेळ आपलं घर, आपली वेळ, आपली भाजी-भाकरी सोडायला तयार असतो. कुटुंबाला असा हिशेब लावला की त्याचं कुटुंबपणच राहत नाही. मी मांडतो आहे तो मुद्दा एवढाच आहे, आणि चेन्नईच्या इतिहासात त्याला दोन्ही बाजूंनी पुरावा मिळतो.

आधी वॉर्डाकडे जरा जवळून पाहायला हवं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत भारतात बांधलेल्या बहुतेक सरकारी रुग्णालयांचा आराखडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 1859च्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’मधल्या विचारांचा वारस आहे. लांब, उंच छताचा दिवाणखाना. दोन्ही भिंतींना पाठ लावून खाटांच्या दोन रांगा. दोन खाटांमध्ये खिडकी, हवा मोकळी खेळावी म्हणून. टोकाला संडास-मोरी, दुर्गंध लांब राहावा म्हणून. आणि दाराजवळ नर्सचं टेबल, जिथून एका नजरेत सगळ्या खाटा दिसतात. यातली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक आहे, आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत. आता याच दिवाणखान्यात नवरा, बायको, सासू आणि तीन मुलं आणून ठेवा. जी नजर रुग्णाचा श्वास मोजायला होती ती आता संसारावर असते. बाईला कपडे बदलायला कोपरा नाही. रात्री मुलाला शू लागली तर आईनं इतर दहा कुटुंबांच्या मधून चालत टोकाला जायचं, आणि मागे उरलेल्या मुलांवर लक्ष ठेवायचं कोणी, हा प्रश्न दर रात्री. दिवे बंद करण्याची वेळ ठरलेली, जेवणाची वेळ ठरलेली, भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली. चूल नाही, कारण वॉर्डात चूल कशी असेल? वॉर्डाचा दरवाजा आहे, पण त्याची किल्ली तिथं राहणाऱ्या कोणाकडेच नाही. आजारी माणूस हे सगळं आठ दिवस सोसतो. कुटुंबाला मात्र हे आठ महिने, कधी दोन वर्षं सोसावं लागतं, आणि आजारी नसताना.

आपल्या शहरांतल्या बेघरांच्या निवाऱ्यांत ही मोजपट्टी वेगळ्या रूपात दिसते. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या याचिकेत दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे बारमाही निवारा उभारण्याचे आदेश दिले. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्यांची योजना आली आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागेचा निकष लिहिला गेला. योजनेत पुरुषांचे, स्त्रियांचे आणि कुटुंबांचे निवारे वेगळे मानले आहेत; पण बहुतेक शहरांत कुटुंबांसाठी म्हणून असलेल्या जागा अगदी मोजक्या आहेत. बाकीच्या ठिकाणी बाप एकीकडे, आई आणि लहान मुलं दुसरीकडे, आणि मुलगा वयात आला की आईपासूनही वेगळा. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, ब्रॉडवेच्या आसपास, सेंट्रल स्टेशनजवळ पिढ्यान्‌पिढ्या पदपथावर राहणारी कुटुंबं आहेत. त्यांची मुलं तिथंच जन्मली, मुलांची लग्नं तिथंच झाली, बाजारातलं ओझी उचलायचं, फुलं ओवायचं, रद्दी गोळा करायचं काम तिथल्या तिथंच आहे. अशा कुटुंबांना निवाऱ्यात चला म्हटलं तर ती नाही म्हणतात. त्यांना छप्पर नकोय असं नाही. पदपथावर ती निदान एकत्र आहेत. रात्री बायकोच्या उशाशी नवरा आहे, मुलांच्या अंगावर आजीचा हात आहे. निवारा रिकामा आणि फुटपाथ भरलेला, असं चित्र पाहून ‘या लोकांना सोयच नको असते’ म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून पाहावा.

इथं एक वेगळा नमुना पाहायला मराठी माणसाला लांब जायची गरज नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले आपल्याला माहीत आहेत ते बृहदीश्वराच्या देवळातल्या प्रचंड मराठी शिलालेखामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. 1799च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीच्या हातात गेला, राजांकडे तंजावरचा किल्ला आणि काही मोजक्या गोष्टी उरल्या. त्यातल्या ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी कळकळीनं लिहिलं ती म्हणजे छत्रं. रामेश्वराच्या वाटेवर, यात्रेकरूंच्या मार्गावर भोसल्यांनी बांधलेली ही छत्रं होती. नीडामंगलमला यमुनांबाळ, ओरत्तनाडला मुक्तांबाळ, मणमेलकुडीला द्रौपदांबाळ अशी घराण्यातल्या आणि राजाच्या जिवाभावाच्या स्त्रियांची नावं त्यांना होती. 1801 मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात छत्रांचं वर्णन केलं आहे. ते वाचताना वाटतं की हा माणूस दानधर्माची यादी लिहीत नव्हता, एक व्यवस्था समजावून सांगत होता. येणाऱ्या प्रत्येकाला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला तांदूळ आणि मसाला. मध्यरात्रीपर्यंत अन्नदान चाले, आणि मग घंटा वाजवून अजून कोणी उपाशी राहिलं आहे का याची दवंडी होई. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध आणि पथ्याचं अन्न, बरं होईपर्यंत. अंगावर पिणाऱ्या मुलांसाठी गरीब आयांना दूध. परक्या मुलखातून आलेल्या वाटसरूंची मुलं पोरकी झाली तर त्यांना गुरुजींच्या हवाली करायचं, जेवण, तेल-न्हाण, कपडे, शिक्षण आणि पुढे लग्नाचा खर्च. आणि गरोदर बाई छत्रात बाळंत झाली तर खर्च सरकारचा, आणि बाळंतपणानंतर तीन महिने तिथंच राहण्याची मुभा.

तीन महिने या आकड्यापाशी मी मुद्दाम थांबतो. बाळंतिणीची जखम भरायला तीन महिने लागत नाहीत. तिला चालायला यायला, बाळाला अंगावर पाजायला शिकायला, आणि लांबच्या वाटेवर तान्ह्याला घेऊन निघण्याइतकी ताकद यायला मात्र तेवढा काळ लागतो. तीन महिने ही मुदत आजाराला धरून ठरलेली नव्हती. आई, मूल आणि पुढचा प्रवास या तिन्हींना एकत्र धरून ठरलेली होती. रुग्णालय बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवतं, कारण घर आहे हे ते गृहीत धरतं. छत्र हे गृहीत धरत नव्हतं. ज्याला घर नाही त्याला घर मिळेपर्यंत किंवा निदान घराकडे चालता येईपर्यंत ठेवायचं, हे त्या व्यवस्थेत गृहीत होतं. म्हणून तिथं वैद्य, स्वयंपाकघर, शाळा आणि झोपायची जागा एकाच आवारात होती. मोनेगार छत्राची गोष्टही याच काळाची आहे आणि तिचा तर्कही हाच आहे, फक्त तिथं राजाऐवजी दुष्काळानं भाग पाडलं. औषध आणि आसरा वेगळे झाले ते पुढे, जेव्हा दोन्हींना वेगळी खाती, वेगळे कागद आणि वेगळे अधिकारी मिळाले.

या उदाहरणावर आक्षेप येणार, आणि यायलाच हवा. छत्रं ही राजाची कृपा होती, कोणाचा हक्क नव्हता. राजाचा वंश संपला, 1855 मध्ये तंजावर खालसा झालं, छत्रांचा कारभार पुढे जिल्ह्याच्या मंडळांकडे गेला, आणि मूळ हेतू पातळ होत गेला. कृपेवर उभी असलेली व्यवस्था अशीच जाते. त्याहून मोठा आक्षेप जातीचा. सरफोजींच्या पत्रात ब्राह्मणापासून परैयापर्यंत सगळ्यांना अन्न असं स्पष्ट आहे, पण सगळे एका पंगतीत, एका छताखाली होते असं त्यातून कोणी काढू नये. त्या काळच्या समाजात पंगती वेगळ्या, खोल्या वेगळ्या, विहिरीही वेगळ्या. मी छत्र परत आणा असं म्हणत नाही. आज निवारा हा न्यायालयानं मान्य केलेला हक्क आहे, आणि कोणाच्या कृपेपेक्षा तो कितीही अपुरा असला तरी वरचढच आहे. मला छत्राकडून घ्यायची आहे ती त्याची मोजणी: कोणाला किती दिवस ठेवायचं, हे ठरवताना छत्र माणसाच्या मागे असलेलं कुटुंब पाहत होतं. हक्काच्या भाषेत आपण ही मोजणी लिहू शकलो नाही. उरला तो फक्त माणशी चौरस फुटांचा आकडा.

दुसरा आक्षेप जास्त ठोस आहे: छप्पर नसण्यापेक्षा वॉर्डातलं छप्पर बरं. पाऊस येतो तेव्हा तत्त्व पाहत बसायचं का? चेन्नईत हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. 2015च्या डिसेंबरमध्ये अड्यार आणि कूवमच्या काठची माणसं शाळांमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये राहिली, आणि ते योग्यच होतं. आणीबाणीत एक छत, एक सतरंजी आणि गरम सांबारभात एवढंच पुरतं. अडचण आणीबाणी संपल्यावर सुरू होते. वॉशिंग्टनमध्येही कडाक्याच्या थंडीत माणसाला आत घेणं कायद्यानं बंधनकारक होतं. एका हिवाळ्यासाठी उघडलेला वॉर्ड मग पुढच्या हिवाळ्यालाही तसाच उघडा राहिला, आणि तात्पुरतं म्हणून कोणी भिंत घातली नाही, कोणी मोरी बांधली नाही. रिकाम्या रुग्णालयाची हीच मोठी मोहिनी असते. ते लगेच वापरता येतं, म्हणून त्यात बदल करण्याची गरज कोणालाच भासत नाही.

बदल करता येत नाही असं मात्र नाही, आणि त्याचा पुरावा चेन्नईतच, माउंट रोडच्या टोकाला आहे. ओमंदूरार इस्टेटमध्ये तमिळनाडूच्या विधानसभेसाठी आणि सचिवालयासाठी मोठी नवी इमारत बांधली गेली. 13 मार्च 2010 रोजी तिचं उद्घाटन झालं. 2011 मध्ये सत्ता बदलली, नवं सरकार सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या जुन्या सचिवालयात परतलं, आणि ती इमारत सरकारी मल्टि-सुपर स्पेशालिटी रुग्णालय झाली. 2014 मध्ये ते सुरू झालं. या निर्णयाच्या राजकारणावर बरंच बोललं गेलं, त्यात मला शिरायचं नाही. इथं मला दिसतं ते असं: विधानसभेच्या इमारतीत रुग्ण ठेवायचे ठरले तेव्हा कोणी असं म्हटलं नाही की सभागृहात खाटा टाका, काम भागेल. शस्त्रक्रियेची दालनं झाली, अतिदक्षता विभाग झाले, प्राणवायूच्या नळ्या आल्या. रुग्णालयाला काय लागतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते न करता ते चालेल असं मानणं कोणालाही लाजिरवाणं वाटलं असतं. उलट दिशेनं, म्हणजे वॉर्डाचा निवारा करताना, कुटुंबाला काय लागतं याची अशी यादी कोणाकडेच नसते. दार, किल्ली, चूल, मोरी, रात्री आपला आपण विझवायचा दिवा: एवढं दिलं नाही तर घर होत नाही, हे मात्र अजून कोणाला लाजिरवाणं वाटत नाही.

चेन्नईतल्याच पुलियांतोपच्या के. पी. पार्कची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे, पण तिचं म्हणणं तेच. तिथं वस्तीतल्या कुटुंबांसाठी सरकारी मंडळानं बहुमजली घरं बांधली होती. 2020 मध्ये करोना आला तेव्हा त्या नव्या, अजून कुटुंबं न आलेल्या इमारतीत करोना उपचार केंद्र सुरू झालं. शहराची गरज होती, आणि घरं ओस ठेवण्यापेक्षा ते बरंच होतं. नंतर, 2021 मध्ये, कुटुंबं राहायला आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बातम्या आल्या की भिंतीचं प्लास्टर बोटानं खरवडलं तरी पडतंय. विधानसभेत प्रश्न गेला, आयआयटी मद्रासला तपासणी करायला सांगितलं गेलं. रुग्णांच्या काळात ही भिंत कोणी बोट लावून पाहिली नव्हती. रुग्ण भिंतीवर चित्रं लावायला, खिळा ठोकायला, मुलांची उंची पेन्सिलनं नोंदवायला आलेला नसतो. कुटुंब येतं तेव्हाच कळतं की भिंत टिकणारी आहे की नाही.

रुग्णालय आणि आसरा वेगळे करता येत नाहीत याची खूण आपल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या आवारात रोज दिसते. चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनसमोरच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात किंवा एग्मोरच्या बालरुग्णालयात रुग्णाबरोबर घर येतं: एक बाई पोळ्यांच्या डब्यासह, एक म्हातारा चादर घेऊन, एक मूल ज्याला घरी ठेवायला कोणी नाही म्हणून आणलेलं. ते जिन्याखाली, पोर्चमध्ये, झाडाखाली झोपतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथावर लांबून आलेल्या कर्करुग्णांची कुटुंबं आपण पाहिलेली आहेत. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा मात्र आज प्रामुख्यानं उपचारासाठी मुंबईत आलेल्या रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची आहे. यात्रेचा आसरा आजाराचा आसरा झाला, आणि हे करताना धर्मशाळेनं एक गोष्ट सोडली नाही: खोली रुग्णाला मिळत नाही, रुग्णाला आणि त्याच्या माणसाला मिळते. मला वाटतं, महाराष्ट्राच्या समाजकार्यात या एका नियमाला जितकं श्रेय मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही.

राहतो तिसरा आक्षेप, आणि तो सरकारी बैठकांत सगळ्यांत जास्त वजनाचा ठरतो: निवारा घरासारखा केला तर माणसं तिथून जाणारच नाहीत. त्यामुळे तो थोडा अडचणीचाच असावा. या म्हणण्याला चेन्नईनंच एक उत्तर दिलेलं आहे. 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी रस्त्यावर फिरणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी ‘द बॅनियन’ ही संस्था सुरू केली. आसरा आणि उपचार दोन्ही एका ठिकाणी, अशी ती जागा होती. बऱ्याच जणी बऱ्या होऊन आपल्या गावी परत गेल्या. पण काही जणी अशा राहिल्या की त्यांना परत जायला घरच नव्हतं, आणि त्यांची वर्षं संस्थेतच जाऊ लागली. त्यांच्यासाठी 2015 मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू झाला: चार-पाच जणींनी मिळून साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, आपली भाजी आपण आणायची, शेजाऱ्यांशी बोलायचं, मदतीला एक कार्यकर्ती. अडचण ठेवून माणसाला बाहेर ढकलण्याऐवजी त्याला घर देऊन संस्थेतून बाहेर काढलं गेलं. म्हणजे निवारा सोडून जाण्याची खरी अट निवाऱ्याबाहेर घर असणं ही आहे, निवाऱ्यातलं सुख किंवा दुःख नाही. त्यांच्याहून कमी आजारी, कामाला जाणारी, मुलं शाळेत घालू पाहणारी कुटुंबं अडचणीच्या वॉर्डातून लवकर निघतील, असं मानायला कोणता आधार आहे?

या ठिकाणी चेन्नईचा एक कटू अनुभव मात्र बाजूला ठेवता येत नाही. घर द्यायचं म्हणून मध्य चेन्नईतल्या वस्त्या आणि पदपथांवरची माणसं कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम इथं नेली गेली, शहराच्या दक्षिण टोकाला, कामापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब. तिथं दार होतं, मोरी होती, किल्लीही होती; काम नव्हतं आणि शाळा सुटली. त्यातली काही माणसं पुन्हा जॉर्ज टाउनच्या पदपथावर आली. मध्य शहरातलं बंद रुग्णालय निवाऱ्यासाठी वापरण्याच्या बाजूनं सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो मी मोकळेपणानं मान्य करतो. अशी इमारत बाजाराच्या जवळ असते, बसच्या मार्गावर असते, मुलांच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. ती विकून टाकावी किंवा पाडून व्यापारी संकुल उभारावं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब टाळू नये. जागा टिकवायची असेल तर तिचं आतलं रूप बदलण्याचा खर्च आधी मान्य करावा लागेल.

तो खर्च अफाट नाही. केंद्राच्या योजनेतला माणशी 50 चौरस फुटांचा निकष घेतला तर चार जणांच्या कुटुंबाचे 200 चौरस फूट होतात. मुंबईच्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची होती. त्या खोल्यांचं कौतुक करण्यासारखं फार नाही. संडास सामाईक, माणसं दाटीवाटीनं. पण त्यात गिरणी कामगारांचे, महापालिकेच्या सफाई कामगारांचे, पोलिसांचे संसार पिढ्या चालले, कारण खोलीला भिंत होती आणि दाराला कडी होती. बेघर कुटुंबाला आपण कागदावर त्याहून 40 चौरस फूट जास्त देतो. मग तेच 200 फूट वॉर्डात चार खाटा म्हणून पसरतो आणि संसार कुठं गेला म्हणून विचारतो. वॉर्डाच्या दोन खिडक्यांमध्ये एक आडवी भिंत घातली, प्रत्येक भागाला स्वतंत्र दार आणि कडी दिली, चार घरांमागे एक मोरी आणि सामाईक स्वयंपाकघर बांधलं, तर नाइटिंगेल यांनी हवेसाठी ठेवलेल्या त्याच उंच खिडक्या आता घराच्या खिडक्या होतात. हे काम महापालिकेचा साधा स्थापत्य विभाग करू शकतो. निवाऱ्याच्या निविदेत आज खाटा, गाद्या आणि पंखे किती हे लिहिलेलं असतं. त्यात कुटुंबांची संख्या, दारांची संख्या, चुलींची संख्या आणि किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या हे लिहिणं एवढाच बदल आधी करावा लागेल, आणि तो चेन्नई महापालिकेला किंवा मुंबईच्या महापालिकेला पुढच्या निविदेपासून करता येण्यासारखा आहे.